साखर आणि सांगाडा



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण या सभागृहात जमतो, त्या डॉक्टरांसमोर कुणी गौरवाचे भाषण सुरू केले की ते चुळबुळ करू लागत, हे तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. तेव्हा प्रस्तावना आवरती घेतो.

नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहराला ओमोर्ड नावाचे उपनगर आहे. तिथे राहणाऱ्या, पंचावन्नी ओलांडलेल्या सुमारे आठ हजार लोकांची तपासणी 1990 मध्ये सुरू झाली आणि त्यांच्या प्रकृतीची नोंद पुढे वर्षानुवर्षे ठेवली गेली. 2005 मध्ये या अभ्यासातून हाडांविषयीचा एक लेख आला आणि आम्हा हाडवाल्यांना तो पचायला जरा जड गेला. दुसऱ्या प्रकारचा मधुमेह, म्हणजे उतारवयात येणारा आपला नेहमीचा मधुमेह, असलेल्यांची हाडे घनता मोजणाऱ्या यंत्रावर इतरांपेक्षा दाट दिसत होती. आमच्या तोवरच्या हिशेबाने दाट हाड म्हणजे मजबूत हाड. पण मधुमेहाची औषधे चालू असलेल्या मंडळींमध्ये मणके सोडून इतर हाडे मोडण्याचा धोका इतरांच्या सुमारे 1.7 पट निघाला. ज्यांची साखर नुकती कुठे वाढू लागली होती, त्यांच्यात हा धोका वाढलेला नव्हता. हाडे मोडत होती ती जुन्या मधुमेहींची.

याच अभ्यासातला 2013 चा लेख आणखी पुढे गेला. मधुमेह असून साखर आटोक्यात नसलेल्यांची हाडे जास्त दाट होती, त्यांचे बाहेरचे कवच जाड होते, आणि तरी साखर आटोक्यात असलेल्या मधुमेहींपेक्षा हाड मोडण्याचा त्यांचा धोका 60 टक्क्यांच्या घरात जास्त होता.

दाट हाड मोडते कसे, हा आजचा प्रश्न.

त्याचे उत्तर देण्याआधी हाड कशाचे बनते ते पाहू. घरी करता येईल असा एक प्रयोग सांगतो. कोंबडीच्या तंगडीचे हाड स्वच्छ करून काही दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. मधूनमधून व्हिनेगर बदला. आठवडाभरात ते हाड रबरासारखे वाकू लागेल. आम्लाने त्यातले कॅल्शियमचे क्षार विरघळवून नेलेले असतात आणि मागे उरतो तो कोलॅजन या प्रथिनाच्या धाग्यांचा सांगाडा. याच्या उलट जे घडते ते आपण सगळ्यांनी कधी ना कधी पाहिले आहे. अस्थी सावडायला गेलो की राखेत हाडांचे तुकडे आकार धरून असलेले दिसतात, पण चिमटीत धरताच त्यांचा भुगा होतो. आगीने प्रथिन जाळून टाकलेले असते. क्षार मात्र बहुतेक सगळे शाबूत असतात. म्हणजे कॅल्शियम जागेवर असूनही हाडाला हाडपण राहिलेले नसते. क्षार हाडाला कडकपणा देतात. धक्का बसला की किंचित लवून तो पचवण्याची ताकद धाग्यांची. वजनाने पाहिले तर हाडाचा दोनतृतीयांशाच्या आसपास भाग क्षारांचा, उरलेल्यात मुख्यतः हे धागे आणि पाणी.

आता आमच्या डेक्सा यंत्राकडे या. ते क्ष-किरण सोडून हाडाच्या अमुक इतक्या क्षेत्रफळात किती क्षार आहेत, हे मोजते. तरुण निरोगी माणसाच्या सरासरीशी तुलना करून टी-स्कोअर काढते. 1994 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने उणे 2.5 ही रेषा ओढली आणि त्याखालच्यांना ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडे विरळ होण्याचा रोग, आहे असे म्हणायचे ठरले. रेषा उपयोगी आहे, मीही ती रोज वापरतो. पण यंत्र क्षार मोजते, धागे मोजत नाही. राखेतल्या अस्थीला त्याने नापास केले असतेच असे नाही. गावोगावच्या मोफत शिबिरांत टाचेला यंत्र लावून जो आकडा हातात देतात, तो तर याहूनही ढोबळ. त्या आकड्यावर आयुष्यभराच्या गोळ्या सुरू झालेली माणसे मला भेटतात. असो.

मधुमेहात जे बिघडते ते बव्हंशी या धाग्यांचे आणि हाडाच्या दुरुस्तीचे.

धाग्यांचे आधी. 1912 मध्ये लुई कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने साखर आणि प्रथिनांचे घटक एकत्र तापवले की काय होते, त्याचे वर्णन केले. तव्यावरच्या पोळीला पडणारे तपकिरी डाग, खवा आटवताना दुधाला चढणारा तांबूस रंग, ही त्याच क्रियेची रूपे. साखरेचा रेणू प्रथिनाला जाऊन चिकटतो आणि त्यातून पुढे नवनवी संयुगे तयार होतात. ही क्रिया घडायला तवाच लागतो असे नाही. 37 अंशांवर, आपल्या अंगात, ती अतिशय मंद गतीने अखंड चालू असते. रक्तात साखर जितकी जास्त तितकी ती जास्त चालते. 1968 मध्ये इराणी वैद्यक संशोधक सॅम्युएल राहबार यांना मधुमेहींच्या रक्तात वेगळ्या प्रकारचे हिमोग्लोबिन आढळले. साखर चिकटलेले ते हिमोग्लोबिन मोजण्याची चाचणी आज तुमच्यातल्या अनेकांच्या पाकिटात असेल. एचबीएवनसी तिचे नाव, आपण तिला तीन महिन्यांची साखर म्हणतो. तीन महिन्यांची का? तर तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते आणि मग तिच्याबरोबर तिच्यावरची साखरही जाते. चार महिने पथ्य पाळले की आकडा खाली येतो, घरात पेढे वाटले जातात. ते पेढे कुणाला, हे विचारत नाही.

हाडातल्या कोलॅजनचे आयुष्य मात्र वर्षांत मोजावे लागते. त्याला चिकटलेली साखर चार महिन्यांत निघून जात नाही, तिथेच मुरते. निरोगी हाडात धाग्याला धागा बांधणारे दुवे शरीर स्वतः, एका विकराच्या मदतीने, ठरल्या जागी घालते. साखरेमुळे पडणारे दुवे कुठेही पडतात. त्यांतल्या पेंटोसिडीन नावाच्या दुव्याचा अभ्यास बराच झाला आहे. असे दुवे वाढले की धागे ताठरतात आणि त्यांचे लवणे जाते. यंत्रावर हाड तसेच दिसते, प्रसंगी अधिक भरीव दिसते. न्हाणीघरात पाय घसरला की खुब्यात मोडते.

दुरुस्तीची गोष्ट याला जोडूनच आहे. हाड हा दगड नव्हे. अस्थिभक्षक पेशी जुने, भेगाळलेले हाड खणून काढतात, त्यांच्यामागून अस्थिजनक पेशी येऊन नवे भरतात. प्रौढ माणसाचा सांगाडा असा साधारण दहा वर्षांत बदलून निघतो. या कामावर देखरेख करणाऱ्या पेशी हाडातच गाडलेल्या असतात आणि हाडातल्या पेशींपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक याच असतात. कुठे भार पडतो आहे, कुठे भेग गेली आहे, हे त्यांना कळते. त्या स्क्लेरोस्टिन नावाचे एक द्रव्य सोडतात, ते नव्या हाडाच्या बांधणीला लगाम घालते. रजोनिवृत्तीनंतर बायकांच्या हाडात खणणे वाढते आणि भरणे मागे पडते. तो प्रकार आम्हाला चांगला ठाऊक आहे, आमची बहुतेक औषधे त्याच्यासाठी घडलेली आहेत. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात चित्र निराळे. तिथे स्क्लेरोस्टिन वाढलेले आढळते आणि खणणे-भरणे दोन्ही मंदावते. क्षार जागेवर राहतात, म्हणून यंत्र खूश. पण बारीक भेगा बुजत नाहीत, आणि जुना कोलॅजन हलवलाच जात नसल्यामुळे त्याच्यावर साखर बसायला आणखी वर्षे मिळतात. एक बिघाड दुसऱ्याला असा पोसतो. 2010 च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधकांनी सूक्ष्म सीटीने पाहिले, तेव्हा मधुमेही स्त्रियांच्या हाडांच्या बाहेरच्या कवचात जादा छिद्रे दिसली. डेक्साला ती दिसत नाहीत.

लहानपणी येणाऱ्या पहिल्या प्रकारच्या मधुमेहाची गत वेगळी आणि अधिक सरळ आहे. इन्सुलिन हाड बांधायला मदत करते. ज्या मुलाच्या अंगात ते तयारच होत नाही, त्याचे हाड वाढीच्या वयातच उणे राहते. अशा रुग्णांत पुढे खुबा मोडण्याचा धोका कित्येक पटींनी जास्त असतो, आणि तो डेक्सावरही काही अंशी कळतो.

हाड आणि साखर यांच्या नात्याची एक उलटी बाजूही मांडली गेली आहे. 2007 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील जेरार कारसेंती यांच्या गटाने दाखवले की हाडातल्या ऑस्टिओकॅल्सिन या प्रथिनावाचून वाढवलेले उंदीर लठ्ठ होतात आणि त्यांची साखर बिघडते. हाड स्वतःच इन्सुलिनला हुकूम सोडते, असा त्याचा अर्थ. कल्पना मोहक होती. मग 2020 मध्ये दोन स्वतंत्र गटांनी तसेच उंदीर नव्याने तयार केले, तर त्यांची साखर बिघडलेली नव्हती. वाद मिटलेला नाही. तेव्हा ‘हाडे बळकट करा आणि मधुमेह पळवा’ असे कुणी मोबाइलवर पाठवले तर पुढे ढकलू नका.

आता चरबीकडे वळतो. माझ्या विद्यार्थिदशेत शिकवत की जाड माणसाची हाडे मजबूत असतात. वजन उचलून उचलून ती दाट होतात, शिवाय पडल्यावर मांसल भाग आपटतो. यात तथ्य आहे, पण अर्धेच. जाड स्त्रियांमध्ये खुबा कमी मोडतो, घोटा आणि दंड मात्र जास्त मोडतात, असे पुढे दिसून आले. पोटातल्या अवयवांभोवती साठणारी चरबी मूकपणे बसून राहत नाही. ती दाह वाढवणारी द्रव्ये रक्तात सोडत राहते. आणि चरबी हाडाच्या आतही असते. मज्जेत अशा मूळ पेशी असतात की ज्या एक वाट धरली तर अस्थिजनक होतात, दुसरी धरली तर चरबीच्या. पीपीएआर गॅमा नावाचा स्विच दाबला गेला की पेशी चरबीच्या वाटेला लागतात.

हे पुस्तकी वाटेल, पण हा स्विच दाबणारे औषध आपल्या देशात रोज लाखो लोक घेतात. ग्लिटाझोन गटातली औषधे इन्सुलिनचा परिणाम वाढवतात, साखर चांगली उतरवतात. 2006 मध्ये 4,360 रुग्णांवरची एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. हाडांसाठी ती आखलेलीच नव्हती. पण मागाहून नोंदी तपासल्या तेव्हा दिसले की याच गटातले रोझिग्लिटाझोन घेणाऱ्या स्त्रियांपैकी 9.3 टक्क्यांची हाडे मोडली होती, मधुमेहाचेच दुसरे औषध मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत हा आकडा 5.1 होता आणि ग्लायब्युराइडवाल्यांत 3.5. पुरुषांत असा फरक नव्हता. रोझिग्लिटाझोन पुढे हृदयाच्या धोक्यामुळे 2010 मध्ये आपल्याकडे बंद झाले. त्याचे भावंड पायोग्लिटाझोन जून 2013 मध्ये केंद्र सरकारने थांबवले, तेही मूत्राशयाच्या कर्करोगाच्या शंकेवरून, आणि जुलैअखेर इशारा छापायच्या अटीवर पुन्हा चालू केले. त्या दीड महिन्यात वर्तमानपत्रांतून पुष्कळ वाद झाला, हाडांचा उल्लेख क्वचितच आला. औषध स्वस्त आहे, गुणकारी आहे, ते उद्या बंद करा असे मी म्हणत नाही. रजोनिवृत्ती झालेल्या, आधीच एखादे हाड मोडलेल्या बाईला ते लिहिताना हात क्षणभर थांबावा, एवढेच. आणि तुमच्या गोळ्यांत ते आहे का, हे डॉक्टरांना विचारून घ्या. दोन-तीन औषधांच्या एकत्र गोळीत ते अनेकदा लपलेले असते. विचारल्याशिवाय गोळी बंद मात्र करू नका.

तुमच्यातले सडपातळ श्रोते आता निश्चिंत बसले असतील. त्यांच्यासाठी पुण्याची गोष्ट आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन मित्रांचे छायाचित्र 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, अगदी एकच, 22.3. दोघेही शिडशिडीत. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी होती 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2 टक्के. हे मोजले कशाने? हाडे मोजणाऱ्या त्याच डेक्सा तंत्राने. वजनाच्या काट्यावर सडपातळ आणि आतून चरबीदार, ही आपली भारतीय ठेवण. चरबी जास्त याचाच अर्थ त्याच वजनात स्नायू कमी. आणि हाडाला दाटी येते ती स्नायूंच्या ओढीने आणि भाराने. ज्युलियस वोल्फ या जर्मन शल्यचिकित्सकाने ते 1892 मध्येच सिद्धान्त म्हणून मांडले. म्हणजे आपल्या हाडांना भार कमी आणि दाह जास्त. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीने भारतात 10.1 कोटी मधुमेही असल्याचा अंदाज दिला आणि राज्यांत सर्वांत वरचे प्रमाण निघाले गोव्याचे, 26.4 टक्के. चारांत एक. खुबाही आपल्याकडे पाश्चात्त्यांपेक्षा लवकरच्या वयात मोडतो.

पुण्याजवळच्या खेड्यांतून याज्ञिकांच्याच गटाने 1993 मध्ये गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. ज्या आयांच्या गरोदरपणातल्या जेवणात दूध, डाळी, पालेभाज्या, फळे असे कॅल्शियम पुरवणारे पदार्थ अधिक वेळा होते, त्यांच्या मुलांची हाडे सहाव्या वर्षी अधिक भरलेली आढळली. मधुमेहाचे बीज आईच्या पोटात पडते, हे त्या अभ्यासाने जगाला सांगितले. हाडाचेही काही अंशी तसेच आहे, हे मात्र फारसे कुणी ऐकले नाही.

हाड कच्चे असले तरी मोडायला बहुधा पडावे लागते, आणि पडण्याची तयारीही मधुमेह करून ठेवतो. तळपायांची जाणीव जाते, डोळ्यांचा पडदा बिघडतो, पहाटे साखर एकदम उतरते, रात्री तीनदा लघवीला उठावे लागते. यावर अधिक बोलत नाही. हे तुमच्या घरात चालूच आहे.

वजनाविषयी मात्र थोडे थांबून बोलायला हवे. मार्च 2025 मध्ये तिर्झेपटाइडचे आणि जूनमध्ये वजनासाठीच्या सेमाग्लुटाइडचे इंजेक्शन भारतात आले, आणि पुण्या-मुंबईच्या लग्नसमारंभांत आता जेवणापेक्षा त्याचीच चर्चा अधिक. वजन उतरले की साखर सुधारते यात वाद नाही. पण वजन उतरते तेव्हा स्नायू आणि हाडही उतरतात. 2011 मध्ये अमेरिकेतल्या डेनिस व्हिलारियल यांच्या गटाने पासष्टीपुढच्या 107 लठ्ठ लोकांवर वर्षभर प्रयोग केला. फक्त आहार कमी केलेल्यांचे वजन 10 टक्के घटले आणि खुब्याची घनता 3 टक्के. आहाराबरोबर व्यायामही केलेल्यांचे वजन जवळजवळ तेवढेच, 9 टक्के घटले, घनता मात्र 1 टक्काच गेली. साठीपुढच्या ज्या कुणाला हे इंजेक्शन घ्यायचे आहे, त्याने आधी दंड, मांड्या आणि पाठ यांना ओझे देणारा व्यायाम सुरू करावा, मग सुई टोचावी. नुसते चालणे पुरत नाही. चालणे साखरेला चांगले, पण हाडाला वजन उचललेले हवे असते. आपल्या आज्या पाण्याची कळशी कडेवर घेत, जात्यावर बसत. त्यांना हौस नव्हती, पण व्यायाम होत असे.

खाण्यात एक पेच आहे, तो कुणी सांगत नाही. हाडांसाठी म्हणून नाचणीचे सत्त्व घेणारे पुष्कळ मधुमेही मला भेटतात. नाचणीत कॅल्शियम भरपूर, शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. पण ती तृणधान्य आहे, बहुतांश पिष्टच. वाटीभर सत्त्वाने हाडाला जे मिळेल त्याची किंमत साखर वसूल करते. भाकरी खा, पोळीच्या ऐवजी खा, पोळीच्या जोडीला नको. त्यापेक्षा तीळ, दही, मठ्ठा, उसळी, आणि चालत असेल त्यांना अंडी-मासळी बरी. आपल्या ताटात प्रथिने मुळातच तुटपुंजी. आणि ड जीवनसत्त्वाची ती 60,000 एककांची पुडी! कमतरता असेल तर जरूर घ्या, आठवड्याला एक, सांगितले तितकेच आठवडे. वर्षानुवर्षे घेत राहण्याची ती वस्तू नाही. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या बायकांना वर्षातून एकदा पाच लाख एककांचा डोस देऊन पाहिला, 2010 मध्ये निकाल आला. त्या बायका कमी पडल्या नाहीत, जास्तच पडल्या आणि हाडेही जास्त मोडली.

आता आम्हा वैद्यांविषयी. रुग्णाकडे दोन पिशव्या असतात, एक साखरेच्या डॉक्टरची, एक हाडाच्या डॉक्टरची. एकातले कागद दुसऱ्यात जात नाहीत. हाड मोडण्याचा दहा वर्षांतला धोका काढणारी फ्रॅक्स नावाची मोजणी 2008 मध्ये शेफील्डहून आली, जगभर चालली. तिच्या मूळ रकान्यांत दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाला जागाच नव्हती. मधुमेही माणसाचा धोका ती कमी दाखवते, म्हणून तज्ज्ञांनी तोडगा सुचवला की मधुमेह असेल तर संधिवाताच्या रकान्यात खूण करा. ज्या रोगाचे आपल्याकडे दहा कोटी रुग्ण, त्याला दुसऱ्या रोगाच्या नावाने आत शिरावे लागले!

म्हणून येथे बसलेल्या व्यवसायबंधूंना एक विनंती आहे. पन्नाशीनंतर उभ्या उभ्या पडून मनगट मोडलेला रुग्ण आला तर प्लास्टर घालताना त्याची तीन महिन्यांची साखर पाहा. आणि मधुमेहाच्या वार्षिक तपासणीच्या कागदावर डोळे, मूत्रपिंड आणि पाय यांच्याखाली हाडांचा एक रकाना वाढवा. वर्षभरात पडलात का, हाड मोडले का, हे विचारा. भिंतीशी उभे करून उंची मोजा. तरुणपणापेक्षा चार सेंटिमीटर घटली असेल तर मणक्याचा फोटो काढा. डेक्साचा आकडा बरा आला म्हणून मधुमेही माणसाला निर्धोक ठरवून घरी पाठवू नका. आणि श्रोतेहो, डॉक्टरांनी हे विचारले नाही तर तुम्ही आपणहून सांगा, दोन्ही पिशव्यांतले कागद एकत्र घेऊन जा. या कामाला पाच मिनिटे लागतात. ती पाच मिनिटे दोन्ही बाजूंनी द्यावीत, एवढे मागून आपली रजा घेतो.